कलम सोळा आणि माझी हरकत

हरकत घेणं हा माझा जुना आजार. भाईंदर पूर्वेला आमच्या विहारात रविवारची बैठक संपत आली की अध्यक्ष रीत म्हणून विचारत, "कुणाची काही सूचना, हरकत?" ते वाक्य पुरं होईपर्यंत माझा हात वर गेलेला असे. सतरंज्या कुणी धुवायच्या यावर हरकत, माइक कुणाच्या घरी ठेवायचा यावर हरकत, आणि एकदा तर मागच्या आठवड्यात मी स्वतःच मांडलेल्या ठरावावर हरकत. आमचे वडील म्हणत, "हा मेला तर तिरडीवर उठून बसेल आणि म्हणेल, अध्यक्षमहोदय, खांदेकऱ्यांच्या क्रमाबद्दल माझं थोडं म्हणणं आहे."

विहारात लोक हसत, घड्याळाकडे बघत, आणि घरी जात. कुणाचं काही बिघडत नसे. बिघडायची वेळ आली ती भाईंदर पश्चिमेच्या पलीकडच्या डोंगरी गावातल्या चर्चमध्ये, आणि तीही दुसऱ्याच्या लग्नात.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा, कचेरीत कारकून, आणि वाचनालयातून आणलेल्या एका जाड पुस्तकाच्या जिवावर विद्वान. त्या पुस्तकाचा पहिला निम्मा भाग वाचून मी इथल्या एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं. माणसाला जे काही हक्क मिळालेत ते चर्चशी भांडून मिळालेत, गुलामांच्या जहाजांना आशीर्वाद देणारे पाद्रीच होते, तेव्हा त्यांनी आता हक्कांच्या गोष्टी सांगू नयेत, असा एकूण सूर. ती जहाजं बंद व्हावीत म्हणून आयुष्य झिजवणारे पुष्कळ लोकही बायबल हातात घेऊनच उभे होते, हे त्या पुस्तकाच्या दुसऱ्या निम्म्या भागात होतं. तिथवर मी पोचलो नव्हतो.

पत्र छापून आलं आणि आठवड्याभरात डोंगरीच्या फादरांचं पोस्टकार्ड आलं. मी भांडणाच्या तयारीनं उघडलं. (पोस्टकार्ड उघडावं लागत नाही, पण माझी तयारी तशी होती.) फादर मूळचे वसईकडचे, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. लिहिलं होतं: आपले पत्र वाचले. दहा डिसेंबरला मानवी हक्क दिन आहे. आमच्या हॉलमध्ये येऊन हेच बोलावे. पंखे चालू आहेत.

कार्ड मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचे वडील जालन्याकडच्या एका खेड्यातले. ते म्हणाले की गावच्या शाळेत त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवायचे. मिशनच्या शाळेत पाद्रीसाहेबानं हाताला धरून आत नेलं आणि बाकावर बसवलं.

"म्हणजे चांगलंच केलं की," मी जरा नाराजीनं म्हणालो.

"चांगलंच केलं. पण बाक शेवटचा होता. भाषणात दोन्ही सांग."

मी दोन्ही गाळलं. एकानं माझा मुद्दा पडत होता आणि दुसऱ्यानं भाषण लांबत होतं.

माझं अक्षर मला स्वतःलाही दुसऱ्या दिवशी लागत नाही, म्हणून भाषण टाइप करून घ्यायचं ठरलं. पूल ओलांडून पश्चिमेला गेलं की बाजाराच्या तोंडाशी जॉब टायपिंगचं एक दुकान होतं. तिथली मराठी मशीनवरची मुलगी तेवीस-चोवीसची, डोंगरीची. दुकानाचा मालक दिवसातून शंभरदा तिला नावानं हाक मारायचा, म्हणून तिचं नाव सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ. मी सांगायचो, ती बडवायची. मध्येच थांबून म्हणाली, "सर, हे आमच्या फादरना ऐकवणार? खूश होतील. त्यांना वाद लागतोच."

आम्ही मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या कलम सोळापर्यंत आलो. लग्न हे फक्त होणाऱ्या नवराबायकोच्या मोकळ्या आणि पूर्ण संमतीनंच व्हावं, असं ते कलम. मी ते सांगितलं आणि मशीन थांबलं. मुलगी रस्त्याकडे बघत बसली, मग रुमालानं डोळे पुसले, "पुढे सांगा" म्हणाली, आणि पूर्णविरामाची कळ अशी मारली की कागदाला आरपार भोक पडलं. थोड्या वेळानं ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा मालक माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "शादी है ना उसकी. घर पे रोज रोना-धोना चालू है."

झालं. रुमाल, भोक आणि मालक, तीन पुरावे. बळजबरीचं लग्न. भाषणाची घडी खिशात घालून मी पुलावरून परत आलो तो अन्यायाविरुद्ध पेटूनच.

फादरांनी आधी एकदा येऊन हॉल बघून जा म्हणून कळवलं होतं. रविवारी मिस्सेला, म्हणजे आमच्या प्रार्थनेला, या, कुणी चावत नाही, असंही. म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी पश्चिमेहून बस धरून डोंगरीला उतरलो. चर्च गच्च भरलेलं. म्हाताऱ्या बाया लुगड्यांत, तरण्या फ्रॉकमध्ये नाहीतर साडीत, डोक्यांवर रुमाल. मी शेवटच्या बाकावर बसलो. वडिलांना तो मिळाला होता, मी निवडून घेतला. पळायला बरा पडतो. पण पळायची सवड कुठली. सगळे उभे राहिले की मी बसलेला, सगळे गुडघ्यांवर की मी उभा. शेजारची एक म्हातारी कोपरानं मला वर-खाली करत होती.

शेवटी फादरांनी सूचना वाचायला घेतल्या. मुलांची धर्मशिक्षणाची वेळ बदलली, अमक्या आजारी माणसासाठी प्रार्थना करा. मग एका लग्नाची सूचना, दुसऱ्यांदा वाचतोय म्हणाले. डोंगरीची मुलगी, नाव ओळखीचं. मशीनवालीच. मुलगा शेजारच्या उत्तन गावचा. आणि पुढे फादरांनी वाचलं की या लग्नाला काही अडथळा कुणाला ठाऊक असेल तर तो कळवणं त्याचं कर्तव्य आहे.

विहारात नुसतं विचारायचे तरी माझा हात वर जायचा. इथं तर कर्तव्य होतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "फादर, माझी हरकत आहे."

मला नंतर कळलं ते असं, की ही सूचना त्या चर्चमध्ये प्रत्येक लग्नाआधी तीन रविवार वाचतात, आणि कुणी उभं राहिल्याचं कुणाच्या आजीलाही आठवत नव्हतं. कुणाला काही ठाऊक असेल तर तो माणूस मिस्सा संपल्यावर गुपचूप मागच्या खोलीत जाऊन फादरांच्या कानात सांगतो. ही रीत तिथं सगळ्यांना जन्मतः ठाऊक होती. मी बसनं आलो होतो.

ही मुलगी तिच्या मर्जीनं लग्न करत नाहीये, आणि जाहीरनाम्याच्या कलम सोळाप्रमाणे, एवढं माझं बोलून झालं. 'सोळा' म्हटल्याबरोबर बायकांच्या बाजूचा, पुढून पाचव्या बाकावरचा एक पांढरा रुमाल गर्रकन वळला. तिचे डोळे मी इतक्या वर्षांनी अजून विसरलेलो नाही. म्हातारीनं माझा शर्ट मागून खाली ओढला. "बस रे बाबा, बस."

तेवढ्यात पुढच्या बाकावरून एक आडवातिडवा गृहस्थ उठला. तो मुलीचा धाकटा काका. "फादर, भायेरचा मानूस सांगतंय म्हंजे कायतरी हाय. लगीन थांबवाला पायजे." आणि तो बसला तो चांगलाच समाधानानं. पाहा, मला वाटलं, पहिल्याच वाक्याला एक माणूस आपल्या बाजूनं उभा राहिला.

फादर शांतपणे म्हणाले, हरकत ऐकली. शेवटचा आशीर्वाद घ्या आणि मग मागच्या खोलीत या.

वेदीमागच्या खोलीत झग्यांचं कपाट, मेणबत्त्यांचे खोके आणि एक टेबल. मी जाऊन उभा राहतोय तोवर मुलगी आली. फादर मेणबत्त्या मोजायला लागले. त्या आधीच मोजलेल्या असाव्यात.

"कुणी सांगितलं तुम्हाला, सर?"

"तुम्ही रडलात ना. कलम सोळाला."

तिनं एक श्वास घेतला आणि मला सगळं नीट सांगितलं, जसं एखाद्या मंद मुलाला गणित सांगतात. मुलगा तिनंच पसंत केलेला. तो उत्तनचा, कोळ्यांच्या घरचा, जहाजावर नोकरीला. ही डोंगरीची, शेतकऱ्यांच्या घरची. दोघांचा देव एक, प्रार्थना एक, सण एक; पण शेतकरी कोळ्यांत मुलगी देत नव्हते आणि कोळी मागत नव्हते. दोन वर्षं ती थांबली. फादर चारदा तिच्या घरी जाऊन बसले. शेवटी महिन्याभरापूर्वी तिचे वडील एवढंच म्हणाले की तुला करायचं ते कर, पण वेदीपर्यंत मी तुझ्याबरोबर चालणार नाही. आणि तेव्हापासून तिच्याशी बोलणं बंद. कलमात दोघांची संमती पुरे असं होतं. ती होती. तिला तिसऱ्याची हवी होती, म्हणून ती रडली.

काकाला हे लग्न मोडायचंच होतं, फक्त निमित्त मिळत नव्हतं. पुढच्या रविवारी तिसरी सूचना, त्यानंतरच्या बुधवारी लग्न. त्याच्या पुढच्या रविवारपासून नाताळाआधीचा आगमनकाळ, त्यात लग्नं लावत नाहीत. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवरामुलगा जहाजावर, ते दहा महिने. बुधवार हुकला की काकाच्या हातात दहा महिने. एवढ्या वेळात त्यानं लग्नच काय, अख्खं उत्तन मोडलं असतं.

"तुम्ही माझ्या हक्कासाठी उभे राहिलात," ती म्हणाली. "मला विचारलंत?"

मी फादरांकडे बघितलं.

"त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "ह्याच खोलीत. घरच्यांना बाहेर काढून, दार लावून. कुणाचा दबाव आहे का, घाबरू नकोस. दोनदा विचारलं. त्याचा फॉर्म असतो."

फादरांनी खणातून फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. खरंच तसा प्रश्न छापलेला होता, आणि खाली मुलीची सही, ठसठशीत. मग त्यांनी मला समजावलं, अगदी मजेत. आठशे वर्षांपूर्वी त्यांच्या पंडितांत मोठा वाद झाला होता म्हणे, की लग्न नेमकं होतं कशानं. बापानं मुलगी दिल्यानं, की दोघांनी हो म्हटल्यानं. 'हो' जिंकलं. राजाच्या मुलीलाही विचारावं लागेल असं ठरलं, निदान कागदावर. "तेव्हा वक्तेमहाशय, तुमचं कलम सोळा आमच्या खणात जरा आधीपासून आहे."

माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. म्हणाले, "पण तुमचंही खोटं नाही. हाच कागद खिशात घेऊन आमची माणसं त्या जहाजांवरही होती. आणि तो आठशे वर्षांपूर्वी निघालाय, डोंगरीहून उत्तनला अजून पोचतोय. दहा तारखेला हेही बोला."

हरकत चारचौघांत घेतली गेल्यामुळे आता ती नुसती सोडून देता येणार नव्हती. फादर मुलीची पुन्हा एकटीची चौकशी करून लिहून ठेवणार होते. मी एकतर पुरावा द्यायचा, नाहीतर लेखी माघार घ्यायची. आणि ते पुरणार नाही, फादर म्हणाले, कारण काका म्हणणार फादरांनीच दाबलं. तुम्ही तिच्या घरी जा. तिच्या वडिलांसमोर वाचा.

सोमवारी माघारीचा कागद टाइप करायला मी गेलो तो अर्थातच त्याच दुकानात. मी सांगायला लागलो, "काही गैरसमजामुळे..." मशीन कधीच चालू झालं होतं आणि माझं ऐकत नव्हतं. कागद बाहेर आला. त्यावर होतं: मी कुणालाही न विचारता, अर्धवट माहितीवर, मिस्सेत उभा राहून बोललो, तसा मला काही अधिकार नव्हता. 'अर्धवट' या शब्दाला माझा आक्षेप होता. तिनं नुसतं वर बघितलं. मी सही केली.

शनिवारी अर्धी रजा काढून दुपारी डोंगरीला गेलो. घरासमोरच्या अंगणात भात वाळत पडलेलं, आणि मुलीचे वडील, हाफ पँट आणि बनियन घातलेला एक वाळका माणूस, पायानं रेघा ओढत ते उलटवत होते. ओटीवर खुर्ची टाकून काका. मी उभ्यानंच कागद वाचला. वडील थांबले नाहीत. भाताच्या रेघा सरळ चालल्या होत्या.

"कागद पोरीनंच छापलाय," काका म्हणाला. "मी काय बोलतंय, ती रडली का न्हाय, तेवढा सांगा."

"रडल्या," मी म्हणालो. खोटं बोलायला मला कलम सापडलं नाही.

"मंग?"

एरवी या 'मंग'वर मी अर्धा तास बोललो असतो. त्या दिवशी म्हणालो, "मला नका विचारू. त्यांना विचारा."

अंगणातला पाय थांबला. वडील पहिल्यांदाच बोलले. "कुठं रडली? कंच्या वळीला?"

भाषण माझ्या खिशातच होतं. ते मी तेव्हा झोपतानाही उशाला ठेवत असे. चौथं पान काढून मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उन्हात धरलं. पूर्णविरामाच्या भोकातून उन्हाचा एक ठिपका त्यांच्या बनियनवर पडला. ठिपक्याकडे बघत ते म्हणाले, "वाच." मी कलम सोळा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा आवाज न चढवता.

त्यांनी आत हाक मारली. मुलगी दारात आली, हात ओले.

"या वळीला का रडलीस गो?"

महिन्याभरात ते तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते. ती चौकटीला धरून उभी राहिली. "आमची दोघांची होती, बाबा. तुमची नव्हती."

त्यांनी पान माझ्या हातात परत दिलं आणि पुन्हा भात उलटवायला लागले. अख्ख्या अंगणाची एक फेरी झाली. मला वाटलं, संपलं. मी लग्नही मोडलं आणि बापलेकही कायमचे तोडले. परतीची बस किती वाजता असते हे मी मनात आठवत होतो. दुसऱ्या फेरीला ते ओटीपाशी आले आणि भावाला म्हणाले, "तुजा काला कोट हाय ना, तो मना होईल का?"

काकाचं तोंड उघडं राहिलं. तिकडे मुलीला बाप वेदीपर्यंत नेतो तो सुटाबुटात. यांनी चालायचंच नाही म्हणून सूट शिवला नव्हता, आणि आता चार दिवसांत कुठला शिंपी देणार.

"मोठा होईल तुला," काका म्हणाला.

"होऊ दे."

काका उठला. पुटपुटत घरात गेला, आणि कोट घेऊनच बाहेर आला. झटकून त्यानं तो स्वतःच भावाच्या बनियनवर चढवला, खांदे ओढून बघितले, बाह्या बघितल्या. "ह्ये काय," म्हणाला, "बुजगावना दिसतंय." मग बायकोला हाक मारून सुई-दोरा मागितला.

दुसऱ्या दिवशी तिसरी सूचना. मी शेवटच्याच बाकावर. फादरांनी वाचलं, अडथळा, कर्तव्य, सगळं. आणि मग ते जरा जास्तच थांबले. अख्खं चर्च मागे वळलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. शेजारच्या म्हातारीनं तर माझा शर्ट मिस्सा सुरू झाल्यापासून धरून ठेवला होता.

भाषणाचं थोडक्यात सांगतो. हॉल भरला, कारण हरकतवाला कसा दिसतो ते गावाला जवळून बघायचं होतं. तोवर मी पुस्तकाचा उरलेला भाग वाचला होता. जहाजं सांगितली, फॉर्म सांगितला; वडिलांना आत नेणारा हात सांगितला आणि तो शेवटचा बाकही सांगितला. घरी गेल्यावर वडिलांनी विचारलं, दोन्ही का? म्हटलं, दोन्ही. पंखे खरंच चालू होते.

पण त्याच्या आधीचा तो बुधवार. बँडवाले चर्चच्या पायऱ्यांपर्यंत वाजवत आले आणि थांबले. दारात मुलगी, पांढऱ्या झग्यात, आणि तिच्या हातात हात घालून तिचे वडील. काकीनं बाह्या आत दुमडून शिवल्या होत्या तरी बोटांची फक्त टोकं दिसत होती. अंगणात भात उलटवावं तसे ते चालत होते, एकेक पाय सरळ रेघेत. पुरुषांच्या बाजूला उत्तनचे कोळी अवघडून बसलेले, आणि काका, बिनकोटाचा, बाकाच्या टोकाला, भावाच्या पाठीवरची शिवण उसवते का तेवढंच बघत.

वेदीपाशी फादरांनी दोघांना विचारलं, कुणाच्या दबावाशिवाय, स्वतःच्या संमतीनं आलात का? मुलगा काहीतरी पुटपुटला. मुलगी "हो" म्हणाली ते माझ्या बाकापर्यंत ऐकू आलं. ते माझ्यासाठीच असावं.

आणि मग पहिल्या बाकावरून मोठ्यानं आवाज आला, "हाय. माजी बी हाय."

फादरांनी मुलीच्या वडिलांना विचारलंच नव्हतं. फॉर्मात तशी जागाही नाही. मी बघितलाय फॉर्म. फादर पुस्तकावरून नजर उचलून क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी अख्ख्या चर्चवरून नजर फिरवली, आणि ती शेवटच्या बाकावर येऊन थांबली.

माझी काही हरकत नव्हती.